लाईट आली म्हणून लाईट गेली

प्रिय,

तुझं पत्र आणि सोबतची चौदा पानांची संहिता, दोन्ही वाचलं. संहिता दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. पेन्सिलीच्या खुणा खूप आहेत. त्या रागाच्या नाहीत हे आधीच सांगते, कारण पुढे मी रागावल्यासारखी वाटेन.

तू तीन गोष्टी विचारल्यास. बसस्टँडवरच्या पथनाट्याच्या प्रयोगाला लोक मधूनच का निघून गेले? तिसऱ्या वर्षाला दोन विषय राहिलेत, तर इलेक्ट्रिकल सोडून मुंबईला स्केच, म्हणजे छोटे विनोदी प्रवेश, लिहायला जावं का? आणि तिसरं वाक्य प्रश्नासारखं लिहिलंस, पण ते तुझं ठरलेलं उत्तर होतं: ‘ताई, जसपाल भट्टीही इलेक्ट्रिकलचेच होते, पण ते सोडलं म्हणूनच मोठे झाले ना?’

तिसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तिथेच सगळं चुकलंय. दूरदर्शनवर लोकांना हसवणाऱ्या भट्टींनी इंजिनिअरिंग सोडलं नाही. ते पूर्ण केलं. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून इलेक्ट्रिकलची पदवी घेतली. ज्या ‘नॉनसेन्स क्लब’चं नाव तू तुझ्या ग्रुपच्या पोस्टरवर उसनं घेतलंस, तो क्लब त्याच कॉलेजात शिकत असताना निघाला. अभ्यास एकीकडे आणि क्लब दुसरीकडे असं ते नव्हतं. एकाच इमारतीत, त्याच वयात दोन्ही चाललं होतं. क्लबच्या पथनाट्यांमध्ये लोकांना जे आवडलं, ते पुढे दूरदर्शनवर आलं. तू मधला भाग गाळून शेवट तेवढा उचललास.

भट्टींचा जन्म ३ मार्च १९५५ चा, अमृतसरचा. इंजिनिअरिंग मात्र चंदीगडला झालं, आणि ते शहर कसलं आहे याचा तू कधी विचार केला नसशील. फाळणीत लाहोर गेलं म्हणून पंजाबला नवी राजधानी हवी होती, तेव्हा आखणी करून, सेक्टरांना आकडे देऊन उभं केलेलं ते शहर. १ नोव्हेंबर १९६६ ला हरियाणा वेगळा झाला आणि एकाच गावात पंजाबचं सरकार, हरियाणाचं सरकार आणि केंद्रशासित प्रदेशाचं प्रशासन अशा तीन कारभारांची कार्यालयं बसली. जिथे पाहावं तिथे फायली, बदल्या, क्वार्टर, भत्ते, मंजुऱ्या. त्यांचं कॉलेजही तसंच विस्थापित: १९२१ मध्ये लाहोरजवळच्या मुघलपुऱ्यात सुरू झालेलं, फाळणीनंतर रुरकीला हललेलं आणि १९५३ मध्ये चंदीगडला आलेलं. ज्या ‘ट्रिब्यून’ वर्तमानपत्रात भट्टी पुढे व्यंगचित्रं काढत, तेही १८८१ चं, लाहोरचंच. कार्यालयांच्या गावात शिकलेल्या मुलाने कार्यालयावर विनोद केला. समोर जे होतं, ज्याचं कामकाज त्याला तोंडपाठ होतं, त्यावर केला.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे आणि या पत्रात ते तुला पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल: आधी कागद वाच, मग विनोद कर. ज्याची टिंगल करायची ते कसं चालतं हे तिथे काम करणाऱ्याइतकं तुला कळलं पाहिजे. फॉर्मचं नाव, सही कुणाची, सहीशिवाय काय अडतं, अडलेलं कोण सोडवतो, सोडवण्याचे किती आणि कोणत्या शब्दात मागतो. हे कळल्याशिवाय लिहिलेला विनोद म्हणजे तक्रार. तक्रार ऐकायला बसस्टँडवर कुणी थांबत नाही, त्यांना एसटी पकडायची असते.

‘फ्लॉप शो’ तू पाहिलायस, पण कसा पाहिलास? १९८९ ची मालिका, भाग फक्त दहा. इतक्या वर्षांनी तुझ्या वयाची मुलं ती शोधून पाहतात ती भट्टींच्या चेहऱ्यासाठी, असं तुला वाटतं. पीएचडीवाला भाग पुन्हा लाव आणि या वेळी वही घेऊन बस. संशोधन करणारा विद्यार्थी गाइडच्या घरची कामं करतोय, हे तुला दिसलं आणि तू हसलास. तो ती का करतो, हे लिहून काढ. प्रगती अहवालावर गाइडची सही लागते. गाइड बदलायला त्याच गाइडची संमती लागते. प्रबंध पुरा झाला हे ठरवायचं गाइडने. विद्यार्थ्याची तीन-चार वर्षं, शिष्यवृत्ती, पुढची नोकरी, सगळं एका पेनात अडकलेलं आहे. यंत्रणेतला एक स्क्रू लेखकाने बरोबर ओळखला आणि तोच फिरवत नेला. म्हणून तिथे कुणाला खलनायक करावं लागत नाही. गाइड ओरडत नाही, विद्यार्थी रडत नाही, दोघं अतिशय सभ्यपणे वागतात आणि घरची कामं होत राहतात.

आता तुझी संहिता घे. पान एक: ‘साहेब’, मोठं पोट, टेबल, टेबलाखालून पाकीट. पान तीन: ‘हा भ्रष्टाचार कधी संपणार?’ पान सात: पुन्हा टेबल, पुन्हा पाकीट, आता साहेबाच्या गळ्यात सोन्याची साखळी. पान अकरा: सगळे मिळून घोषणा. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द मी मोजला, एकवीस वेळा आलाय. कोणत्या कार्यालयात आहोत हे चौदा पानांत एकदाही आलेलं नाही. शेतकऱ्याला विजेचं कनेक्शन हवंय एवढं कळतं. तू इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस आणि विजेच्या कनेक्शनवरच्या नाटकात तुला फॉर्मचं नाव लिहिता आलं नाही, हे मला लागलं. खरंच लागलं.

नव्या जोडणीचा अर्ज म्हणजे ए-वन फॉर्म. तो दिला की स्थळपाहणी होते: खांब किती दूर आहे, मंजूर भार किती, जवळच्या रोहित्रावर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, जागा आहे का. मग कोटेशन निघतं. ते भरायचं. परवानाधारक इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडून टेस्ट रिपोर्ट आणायचा. मग मीटर. या पाच पायऱ्यांत तुझा शेतकरी कुठे अडलाय? कारण प्रत्येक पायरीवरचं अडणं वेगळं असतं. स्थळपाहणीला अडला तर त्याला वायरमनची मनधरणी करावी लागेल, आपल्या मोटारसायकलवर बसवून न्यावं लागेल. टेस्ट रिपोर्टला अडला तर ठेकेदार, आणि तो ठेकेदार घरातली एक वायरही न पाहता सही देतो का, हा प्रश्न. मीटरला अडला तर ‘स्टॉकमध्ये नाही’. शेतीपंप असेल तर पैसे भरून तो यादीत जाऊन बसतो आणि त्या यादीला खात्यातले आणि गावातले सगळेच ‘पेड पेंडिंग’ म्हणतात. हे दोन शब्द बघ. पैसे भरले आणि वाट पाहतोय. तुझी एकवीस ‘भ्रष्टाचार’ एका पारड्यात आणि हे दोन शब्द दुसऱ्या पारड्यात टाक. गावातल्या माणसाला ‘पेड पेंडिंग’ ऐकल्याबरोबर स्वतःचं नाव ऐकल्यासारखं होईल. तो एसटी सोडून थांबेल.

आणि तुझा ‘साहेब’ कोण? शाखा कार्यालयात कनिष्ठ अभियंता बसतो. उपविभागाला उपकार्यकारी अभियंता, विभागाला कार्यकारी अभियंता, मंडलाला अधीक्षक अभियंता. यांतल्या प्रत्येकाची सही वेगळ्या कागदावर चालते, प्रत्येकाची भीती वेगळी आणि प्रत्येकाची खुर्चीही वेगळी. कनिष्ठ अभियंता तुझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल, तुझ्यासारख्याच कॉलेजातून आलेला, खाली दोन वायरमन आणि हाताखाली वीस-पंचवीस गावं असलेला. त्याला मोठं पोट आणि सोन्याची साखळी देऊन तू एक खरा माणूस पुसून टाकलास. जो वायरमन खांबावर चढतो त्याला खात्याच्या कागदावर ‘जनमित्र’ म्हणतात. गावात सगळे वायरमनच म्हणतात. या दोन नावांच्या मधल्या फटीत एक अख्खा प्रवेश आहे आणि तो तुला फुकट मिळतोय. आधी कागद वाच.

तू म्हणशील, ताई, एवढा तपशील प्रेक्षकाला कळणार आहे का? हा प्रश्न मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं आणि दर वर्षी मी चिडते. प्रेक्षकाला तपशील तुझ्याआधी कळलेला असतो. तो दोन वर्षं त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतोय. त्याला नवं काही सांगू नकोस, त्याला माहीत आहे ते तुलाही माहीत आहे, एवढंच पटवून दे. विश्वास बसला की तो हसायला तयार होतो.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लांबलं ते. तुझ्या राहिलेल्या दोन विषयांपैकी एक इलेक्ट्रिकल मशीन्स आहे. तो रटाळ आहे असं तू लिहिलंस. मी तुला त्याच विषयातून प्रवेश काढून दाखवते.

गावाबाहेर ६३ केव्हीए क्षमतेचं रोहित्र आहे. कागदावर रोहित्र, गावात डीपी. त्याच्या दुय्यम बाजूला, म्हणजे जिथून पंपांना वीज जाते तिथे, ४३३ व्होल्ट धरले तर पूर्ण भाराला करंट येतो सुमारे ८४ अँपिअर. पाच एचपीचा पंप चालताना ढोबळमानाने साडेसात अँपिअर घेतो. म्हणजे अकरा पंपांपर्यंत ठीक. त्या डीपीवर आहेत अठरा. तरी रोज जळत नाही, कारण अठराच्या अठरा एका वेळी सहसा चालत नाहीत. पण थ्री फेजची पाळी रात्रीची आली. रात्री बाराला लाईट येणार, तर थंडीत, अंधारात, सापाच्या आणि बिबट्याच्या भीतीत बांधावरून पंपापर्यंत कोण जाईल? म्हणून प्रत्येकाने स्टार्टरला ऑटो स्विच बसवलाय. लाईट आली की पंप आपोआप सुरू. प्रत्येकाचं अगदी शहाणपणाचं. आणि लाईट येते. अठरा मोटारी एकाच सेकंदाला उठतात. मोटार थेट पूर्ण व्होल्टेजला जोडणाऱ्या डायरेक्ट ऑन लाइन स्टार्टरवर सुरू होताना मोटार पाच ते सातपट करंट मागते हे तुझ्याच पुस्तकात आहे. सहापट धर: एका पंपाचे ४५, अठरांचे ८१०. डीपी ८४ ची. व्होल्टेज कोसळतं, व्होल्टेज कोसळल्यामुळे मोटारींना वेग येत नाही, वेग येत नाही म्हणून त्या भरमसाट करंट ओढतच राहतात. वाचवायला फ्यूज हवा, पण तो गेल्या महिन्यात सारखा उडतो म्हणून कुणीतरी जाड तार बांधलीय. तेलाची पातळी आधीच खाली. डीपी जळते.

लाईट आली म्हणून लाईट गेली.

हे वाक्य तुला टाळ्या देईल. ते मी बसून सुचवलेलं नाही, ते मोटारीच्या स्टार्टिंग करंटमधून आपोआप पडलं. आणि पुढचं सगळं तयार आहे: जळलेली डीपी उतरवायची कुणी, न्यायला ट्रॅक्टर कुणाचा, डिझेलची वर्गणी किती, ज्याने ऑटो बसवला नव्हता त्याने वर्गणी द्यावी का. त्या एका प्रश्नावर पंचायतीच्या पारावर दहा मिनिटांचा खरा तंटा उभा राहतो, आणि त्यात वाईट माणूस एकही नाही. ऑटो बसवणारा शहाणा, जाड तार बांधणारा हुशार, वायरमन थकलेला, कनिष्ठ अभियंता हतबल. सगळे आपापल्या जागी बरोबर आणि गाव अंधारात. तुझ्या वर्गात साठ मुलं हे गणित परीक्षेला सोडवतात आणि विसरतात. तुला ते हसवायला वापरता येतं. त्या वर्गातून तू पळून जायचं म्हणतोस!

भट्टींचा शेवटचा सिनेमा कशावर होता माहीत आहे? ‘पॉवर कट’. २०१२ चा, पंजाबातल्या वीजकपातीवरचा. त्याच्याच प्रचाराच्या प्रवासात, प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, २५ ऑक्टोबरला जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ मोटार अपघातात ते गेले. इलेक्ट्रिकलची पदवी घेतलेला माणूस सत्तावन्नाव्या वर्षी विजेवरच बोलत होता. सोडलं होतं म्हणे.

भट्टींच्याच जन्मवर्षी, त्यांच्याआधी दोन महिने, ६ जानेवारी १९५५ ला इंग्लंडमधल्या कॉन्सेटला जन्मलेला रोवन ॲटकिन्सन, म्हणजे तुमचा ‘मिस्टर बीन’, तोही इलेक्ट्रिकलचाच. न्यूकॅसलला पदवी, मग ऑक्सफर्डच्या क्वीन्स कॉलेजात एमएस्सी. त्याचं बोट न हलवताही हसवणं तुला दैवी वाटतं. १९८७ मध्ये माँट्रियलच्या विनोद महोत्सवात त्याला इंग्रजी कार्यक्रमात सहज जागा होती, पण त्याने हट्टाने फ्रेंच कार्यक्रमात जागा मागितली. नुसत्या शरीराने रचलेला विनोद भाषा काढून घेतल्यावर टिकतो का, हे त्याला तपासायचं होतं. प्रयोगशाळेत आपण हेच करतो: एक घटक बंद करायचा आणि रीडिंग घ्यायचं. इजिप्तमधल्या कैरोचा व्यंगकार बासेम युसुफ हृदयशल्यचिकित्सक होता. २०११ च्या उठावानंतर त्याने घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत कॅमेरा लावून पाच-पाच मिनिटांचे व्हिडिओ केले. सरकारी वाहिन्यांवर काय दाखवलं, कोण काय बोललं, त्याची मूळ चित्रफीत आधी दाखवायची आणि मग त्यावर बोलायचं. तपासणीचे कागद पाहिल्याशिवाय रोग्याची छाती न उघडणाऱ्या माणसाची ती सवय आहे. तिघांपैकी कुणीही शिक्षण वाया घालवलेलं नाही.

आता मुंबईत स्केच लिहून घेणाऱ्या लोकांबद्दल. ते तुला आठवड्याला पाच स्केच मागतील. पहिले दोन महिने तू लिहिशील, कारण हॉस्टेल, मेस, व्हायवा, गावची जत्रा एवढा साठा तुझ्याकडे आहे. चाळीस स्केचांत तो संपतो. मग तू इतरांची स्केच बघून स्केच लिहायला लागशील. चांगली, हुशार मुलं अशी आटताना मी पाहिली आहेत आणि त्यातल्या काहींना मीच टाळ्यांच्या भरात ‘जा’ म्हटलं होतं. तेव्हा कागद मागायला हवा होता, तो मागितला नाही. ते माझं चुकलं आणि त्याची भरपाई मी आता तुझ्यावर जरा जास्तच करतेय, हे मला कळतं. पण मी हट्ट सोडणार नाही. तालमीच्या पहिल्या दिवशी मी फॉर्मची झेरॉक्स मागते म्हणून मला लोक कारकून म्हणतात. म्हणू देत. ज्या संहितेबरोबर झेरॉक्स आली ती तिसऱ्या प्रयोगाला पडलेली मी अजून पाहिलेली नाही.

तेव्हा जायचं असेल तर पदवी घेऊन जा. नोकरीचा आधार हवा म्हणून मी हे सांगत नाही, ते तुझे आईवडील सांगतील आणि त्यांचंही बरोबर आहे. साठ्यासाठी सांगतेय. अजून तीन सत्रं उरली आहेत. सहा महिन्यांचं औद्योगिक प्रशिक्षण येईल तेव्हा सोयीची कंपनी धरू नकोस, सबस्टेशन माग. रात्रपाळी माग. ३३ केव्ही सबस्टेशनचा ऑपरेटर रात्री फोनवर गावकऱ्यांशी काय बोलतो ते जगातल्या कुठल्याही लेखनवर्गात शिकवत नाहीत.

रोजची सवय म्हणून एक सांगते, ती व्यंगचित्रकाराची आहे. वर्तमानपत्रातल्या चौकटीला एकच चित्र आणि दहा-बारा शब्द मिळतात, आणि अंक छापायला जाण्याआधी ते द्यावंच लागतं. भट्टी टीव्हीवर नेटके दिसतात त्यामागे ही शिस्त असावी असं माझं ठाम मत आहे, कारण ‘फ्लॉप शो’च्या आधी दूरदर्शनच्या सकाळच्या प्रसारणात त्यांच्या ‘उल्टा पुल्टा’ला मिळायची ती काही मिनिटंच. तुला चित्र काढता येत नसेल तर काढू नकोस. रोज रात्री एक चौकट आख, आत कोण कुठे उभं आहे ते एका ओळीत लिही आणि खाली बारा शब्दांच्या आत एकच वाक्य. मागच्या पानावर तीन नोंदी: आज कुठला कागद वाचला, त्यावर कुणाची सही होती, काउंटरवरचं एक वाक्य जसंच्या तसं. ‘जसंच्या तसं’ याचा अर्थ सुधारून नाही. माणूस ‘उद्या या’ म्हणाला की ‘बघू उद्याच्याला’ म्हणाला, यात स्वभाव असतो. तीस दिवसांनी तीस चौकटी होतील, त्यांतल्या तीन-चार जगतील. एवढंच प्रमाण पडतं, घाबरू नकोस.

पहिल्या आठवड्याला घरचं वीज बिल घे. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, मग १६ टक्के वीज शुल्क. प्रत्येक आकडा कशावरून आला ते कॅल्क्युलेटर घेऊन जुळव. शुल्क नेमकं कशाकशाच्या बेरजेवर बसलंय ते स्वतः शोध. आईला विचार, यातला कुठला शब्द तिला कळतो. घराला महिनाभर कुलूप लावलं तरी स्थिर आकार येतोच, तर कुलूप लावून गेलेला माणूस परत आल्यावर बिलाशी काय बोलेल, यावर दोनशे शब्द लिही. बोलायला साधारण दोन मिनिटं लागतील. पहिल्या वीस सेकंदांत आपण कुठे आहोत आणि काय अडलंय हे कळलंच पाहिजे. नियम एकच ठेव, दोन नियम घेतलेस की स्केच फाटतं. आणि तो नियम पाळणारा माणूस मनापासून पाळणारा असू दे. भट्टींचा आवाज आठव, चढतच नाही. जगातली सगळ्यात विचित्र गोष्ट ते दुकानात साखरेचा भाव विचारावा तसं बोलतात. तुझा शेतकरी पहिल्या पानापासून ओरडतोय, मग शेवटच्या पानावर त्याच्याकडे काय उरलं?

पथनाट्याच्या चुका थोडक्यात सांगते, त्या दुरुस्त करायला सोप्या आहेत. व्हिडिओत तुमचं रिंगण पंचवीस फुटांचं दिसतंय. माईक नाही, मागे एसटीचं इंजिन. पंधरा-सोळा फुटांवर आणा. दहा जण आहात, त्यातले सहा एकाच बाजूला तोंड करून उभे, म्हणजे निम्म्या प्रेक्षकांनी पंधरा मिनिटं पाठी पाहिल्या. प्रत्येक तिसऱ्या वाक्याला कुणीतरी दिशा बदलली पाहिजे. उघड्यावर आठ-नऊ शब्दांहून लांब वाक्य पोचत नाही, तुझी वीस शब्दांची आहेत. हशा आला की तुम्ही त्यावर पुढचं वाक्य टाकता, ते मरतं. हशा वर जाऊ दे, उतरणीला लागला की बोला, पूर्ण विझेपर्यंत थांबू नका. आणि शेवटची घोषणा काढून टाका. लोकांना निष्कर्ष सांगितला की त्यांनी स्वतः काढलेला निष्कर्ष ते टाकून देतात.

एक उदाहरण देते. २००९ मध्ये चंदीगडच्या एका जत्रेत भट्टींनी स्टॉल लावला. जत्रेत रिंग टाकून साबण-पावडर जिंकायचा खेळ असतो ना, तोच. फक्त मांडलेल्या वस्तू होत्या भाज्या, डाळ आणि तेल. या, रिंग टाका, डाळ जिंका. घोषणेची गरज नाही, महागाई हा शब्दही उच्चारायची गरज नाही. पण हे सुचायला दोन गोष्टी माहीत हव्यात: त्या आठवड्यात डाळ काय भाव आहे आणि रिंगचा खेळ कसा मांडतात. पुन्हा तेच. कागद नसेल तिथे भाव, भाव नसेल तिथे फूटपट्टी. काहीतरी मोजलेलं हातात हवं.

रागावले असेन तर मनावर घेऊ नकोस. तुझ्या संहितेत पान नऊवर एक ओळ आहे. म्हातारी मीटर नसलेल्या भिंतीवरच्या खुणेला हळदकुंकू लावते, कारण वायरमन खडूने तिथे चौकोन काढून गेलाय. ती ओळ तू कुठेतरी पाहिलेली आहेस, बनवलेली नाहीस, हे वाचताना लगेच कळतं. चौदा पानांत तेवढी एक ओळ जिवंत आहे, आणि ती लिहिणारा मुलगा मला सोडायचा नाही. म्हणून एवढं लिहिलं.

घोषणा, सोन्याची साखळी आणि ‘भ्रष्टाचार’ हे तिन्ही काढून, म्हातारी ठेवून, दुसरा खर्डा कर. पंचवीस मिनिटांच्या वर नको. सोबत कोऱ्या ए-वन फॉर्मची झेरॉक्स जोड, आणि मशीन्सचा पेपर कोणत्या तारखेला आहे ते लिही, त्याच्या आधीच्या दहा दिवसांत मला काहीही पाठवू नकोस. शाखा कार्यालयात गेलास की कनिष्ठ अभियंत्याला सांग की नाटकासाठी विचारतोय, लपवू नकोस. बहुतेक जण चहा देतात आणि तासभर बोलतात, त्यांचं ऐकायला कुणी येत नसतं. त्याच्या टेबलावर त्या दिवशी कोणकोणते कागद होते, ते सगळ्यात आधी कळव.

तुझी,
ताई